पुरुमेंतात ब्रेकचे पॅड

जूनची पहिली मोठी सर पडून गेली की इथे गोव्यात आमच्या अंगणात सायकली यायला लागतात. गावातली मुलं, डिचोलीचे एक-दोन बँकवाले, साखळी गावच्या एक डॉक्टरीणबाई आणि माझा भाचा. सगळ्यांची तक्रार एकच असते, आवाज येतो. कुठून येतो ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. मी म्हणतो, ठेव गडग्याला टेकवून, बघतो चहा झाल्यावर.

मी सायकलवाला नव्हे. आयुष्य गेलं खाणीवरच्या वर्कशॉपात, डंपर आणि खोदाईच्या शॉवेलच्या खाली. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या आणि मी घरी बसलो. भाच्याने नवी सायकल घेतली तेव्हा जुनी माउंटन बाईक माझ्याकडे आली. २९ इंची चाकं, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे शॉक, मागे नऊ चकत्यांची कॅसेट, दोन्ही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क ब्रेक. ज्या भागात मी डंपरमागची धूळ खात हिंडलो, तिथल्याच कडेच्या वाटांनी आता रविवारी सकाळी सायकल मारतो. हौस म्हणून सुरू केलं, मग शेजारपाजारच्या सायकलीही हाताखाली यायला लागल्या.

यूट्यूबवर सायकलच्या निगेचे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि त्यातले पुष्कळ चांगले आहेत. पण त्यात सायकल धुतात आणि उन्हात ठेवतात. जुलैत डिचोलीला ऊन कुठून आणायचं? आमच्याकडे चार महिने पाऊस, आठ महिने तांबडी धूळ, आणि किनाऱ्याकडच्यांना वर मिठाची हवा. म्हणून म्हटलं, आपल्या हवेला धरून काय करावं लागतं ते एकदा लिहून काढू.

आधी मातीचं बोलतो, कारण सगळं तिच्यापासून सुरू होतं. आपली माती जांभ्याची. लोखंडाचा अंश भरपूर, म्हणून तर तांबडी. ओली असताना बोटांत धरली तर लोण्यासारखी वाटते, पण त्यात बारीक, कठीण कण असतात. हे कण चेनच्या तेलात मिसळले की काय तयार होतं ते कुठल्याही मेकॅनिकला विचारा. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायला डबीतून जी ग्राइंडिंग पेस्ट मिळते, तीच. ती आपण स्वतःच चेनला लावून पायडल मारत सुटतो.

बरं, पाऊस चालू असेपर्यंत फार बिघडत नाही. पाणी वाहत असतं, माती धुपत असते. नुकसान होतं ते घरी आल्यावर, रात्रभरात. ओली, मातीने माखलेली चेन सकाळी बघा, तांबूस झालेली असते. तो रंग मातीचा नव्हे. म्हणून आमच्या घरी नियम असा, आधी सायकल, मग आंघोळ. बायको म्हणते, निदान पाय तरी धुऊन घ्या. तेवढं धुतो.

धुण्याचं मोठं काही नाही. एक बादली पाणी, एक मग, भांड्यांचा साबण थोडा, नारळाच्या सोडणाचा एक तुकडा टायरना घासायला, एक मऊ ब्रश फ्रेमला, आणि एक जुना दातांचा ब्रश मागच्या गियरच्या बारक्या चाकांसाठी. वरून मगाने पाणी ओतायचं, माती आपोआप सुटू द्यायची. घाईघाईत सुकी माती फडक्याने पुसली तर रंगावर ओरखडे उठतात. फडकी दोन ठेवा. डिस्कचं फडकं वेगळं. ते चेनला चुकूनही लागता कामा नये, आणि चेनचं फडकं डिस्कला.

काही लोक रविवारी सायकल थेट मोटारी धुण्याच्या सर्व्हिस स्टेशनवर नेतात आणि प्रेशर मारून आणतात. दिसायला झक्कास दिसते. पण सायकलच्या बेअरिंगवरचं सील म्हणजे पातळ रबराची एक कड, धूळ आणि पावसाचे शिंतोडे अडवण्यापुरती. त्यावर जोराची धार मारली की पाणी चाकाच्या मधल्या हबमध्ये, पायडलच्या मधल्या बेअरिंगमध्ये, हँडलच्या खाली शिरतं आणि आतलं ग्रीस ढिलं करून सोडतं. पुढच्या काही आठवड्यांत चाक हाताने फिरवलं तर खरखर ऐकू येते. त्या मानाने धुळीने माखलेली सायकल पुष्कळ सुखी असते.

धुऊन झालं की सायकल दोन-चार वेळा जमिनीवर हलकी आपटायची, पाणी झटकायला. मग सीटचा दांडा सोडवून वर काढून बघायचा. फ्रेमच्या नळीत पाणी साठतं, पावसाळ्यात तर कपभर निघतं. सायकल उलटी केली की ते बाहेर येतं. दांडा परत बसवण्याआधी त्याला पातळ ग्रीस लावा. हे ग्रीस सुखासाठी नव्हे, ॲल्युमिनियमचा दांडा फ्रेमच्या आत चिकटून बसला तर तो काढायला माझ्यासारख्यालाही घाम फुटतो. दांडा किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस लावायचं नाही, त्याची वेगळी खरखरीत पेस्ट मिळते.

आता चेन. इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

चेनला तेल घालणं सगळ्यांना आवडतं, चेन पुसणं कुणाला आवडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकलींची चेन तेल कमी पडल्याने नव्हे, जास्त झाल्याने मेलेली असते. वरून ओतलेलं तेल, त्यावर चिकटलेली माती, त्यावर पुन्हा तेल. बोटाने खरवडलं तर काळा थर निघतो. तेलाची गरज आहे ती चेनच्या आत, पिन आणि रोलरच्या मधल्या फटीत. बाहेरच्या पट्ट्यांना लागलेलं तेल फक्त माती गोळा करतं.

मी असं करतो. चेन फारच घाण असेल तर बाटलीच्या झाकणात थोडं डिझेल घेऊन ब्रशने चेनला लावतो, खाली जुनं वर्तमानपत्र. चेन फडक्यात धरून पायडल उलटं फिरवायचं, फडकं काळं झालं की घडी बदलायची. मग साबणाच्या पाण्याने डिझेल काढायचं, नाहीतर नवं तेल टिकत नाही. हे सगळं डिस्कपासून लांब राहील असं. मागचं चाक काढून करता आलं तर उत्तम. चेन कोरडी झाली की आतल्या बाजूने, म्हणजे खालच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब. मग पायडल उलटं फिरवून अर्धा तास तसंच सोडून द्यायचं, तेल आत मुरू द्यायचं. आणि शेवटी, ज्याचा लोकांना कंटाळा येतो ते, बाहेरून पुसून काढायचं. अगदी कोरडी दिसेपर्यंत. हात लावला तर बोट काळं होऊ नये.

तेल कुठलं? सायकलच्या चेनसाठी ओलं आणि कोरडं अशी दोन प्रकारची तेलं मिळतात. पावसात ओलं, म्हणजे घट्टसर, पाण्याने न धुपणारं. नोव्हेंबरपासून मेपर्यंत कोरडं, म्हणजे लावल्यावर सुकून मेणासारखा थर ठेवणारं, त्यावर धूळ कमी बसते. एकच बाटली परवडत असेल तर ओलं घ्या आणि उन्हाळ्यात अगदी कमी वापरा. शिलाई मशिनचं तेल पातळ असतं, लवकर निघून जातं, पण घरात दुसरं काही नसेल तर चालेल. इंजिन ऑइल नको, धुळीला आमंत्रण. आणि खोबरेल तर अजिबात नको. हे सांगावं लागतं, कारण आमच्या गावात आजही लोक घालतात. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात सकाळी बाटली उन्हात ठेवायची वेळ येते ती काय उगाच? ते चेनमध्ये गेलं तर तिथेही गोठणार, आणि काही दिवसांनी चिकट होऊन बसणार.

डब्ल्यूडी-४० बद्दलही विचारतात. तो निळा-पिवळा डबा प्रत्येक मेकॅनिककडे असतो, माझ्याकडेही आहे. १९५३ साली अमेरिकेत विमान-क्षेपणास्त्रांच्या उद्योगासाठी ते बनवलं, पाणी हटवायला आणि गंज रोखायला. त्या कामाला ते पक्कं आहे. भिजलेल्या चेनमधलं पाणी हाकलायला फवारा, पुसा, आणि मग खरं तेल घाला. नुसतं तेवढंच फवारून निघालात तर थोड्या वेळात चेन पुन्हा चिवचिवायला लागेल. शिवाय त्याचा फवारा उडतो लांबवर. त्याचं पुढे ब्रेकच्या ठिकाणी बोलू.

चेन ताणली जाते असं लोक म्हणतात. लोखंड ताणलं जात नाही, पिना झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढी जागा वाढते आणि सगळी मिळून चेन लांब होते. शॉवेलच्या ट्रॅक चेनचंही असंच, तिथेही आम्ही काही कड्या मिळून अंतर मोजायचो आणि पिना-बुशिंगचं आयुष्य ठरवायचो. सायकलला तर फूटपट्टीच पुरते. इंचांच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसरी एक पिन येते. ती खुणेच्या पुढे १/१६ इंच गेली असेल तर चेन बदला, कॅसेट बहुधा वाचेल. १/८ इंच गेली असेल तर उशीर झाला, कॅसेटचे दातही त्या लांब चेनला साजेसे झिजले आहेत. आता नवी चेन टाकलीत तर ती जोर लावताच दातांवरून उड्या मारेल, कॅसेट घ्यावीच लागेल. अकरा-बारा चकत्यांच्या सायकलींत चेन अरुंद असते, तिथे तर १/१६ ला अजिबात ढिलाई नको. चेनपेक्षा कॅसेट महाग, आणि पट्टी तर पोरांच्या दप्तरात असते. हे मोजायला एक मिनिट लागतं. मला वाटतं, घरी करायच्या सगळ्या कामांत याच्याएवढा पैसा दुसरं कुठलंच काम वाचवत नाही.

ब्रेककडे वळतो. चोर्ला घाटावरून केरीकडे उतरणारे आता बरेच जण आहेत. वरून धुकं, वळणावर ट्रक, आणि सलग उतार. तिथे ब्रेक कसे आहेत ते कळून उपयोग नसतो, निघण्याआधी कळायला हवं. माउंटन बाईकचा जन्मच या दुखण्यातून झाला म्हणा ना. १९७६ साली कॅलिफोर्नियात मरीन नावाच्या भागात काही पोरांनी जुन्या जाड सायकली घेऊन डोंगरावरून उतरण्याची रिपॅक नावाची शर्यत सुरू केली. ब्रेक मागच्या हबात, पायडल उलटं दाबून लागणारे. खाली येईपर्यंत आतलं ग्रीस तापून धूर होऊन जायचं आणि हब खोलून नवं भरावं लागायचं. आपल्याकडे डिस्क आहेत, आपण सुखी आहोत. पण डिस्कही तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडवर चालते, आणि आपला पाऊस पॅड खातो.

तांबडा चिखल आणि पाणी एकत्र डिस्कवर आलं की पॅड बघता बघता झिजतात. उन्हाळ्यात महिनोन् महिने टिकलेली जोडी पावसाच्या दोन-चार मोठ्या फेऱ्यांत संपलेली मी पाहिली आहे. पॅड दोन जातींचे असतात, रेझिनचे आणि धातूचे. रेझिनचे आवाज कमी करतात, पकड गोड असते, पण चिखलात लवकर जातात. धातूचे जास्त टिकतात, आवाज करतात. पावसाळ्यात मी धातूचे घालतो, किंचाळू दे. मात्र आधी डिस्कवर बघा, काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅड चालतील असं कोरलेलं असतं. तिथे धातूचे घातले तर डिस्कच खाऊन टाकतील.

पॅड तपासायला चाक काढा, बॅटरी मारून कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यात, बघा. मागचा पत्रा सोडून वरचं लायनिंग किती उरलं आहे ते महत्त्वाचं. अर्धा मिलिमीटर राहिलं की कंपनीच्या हिशेबाने संपलं. मी पावसात एक मिलिमीटरलाच बदलतो. पत्रा पत्र्यावर घासायला लागला की त्याचा आवाज वेगळा असतो, तो आल्यावर सायकलवरून उतरून चालत घरी यावं. आणि चाक काढलेलं असताना ब्रेकची मूठ दाबायची नाही. कॅलिपरमधले पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. पुठ्ठ्याची जाड घडी पॅडच्या मध्ये घालून ठेवा, म्हणजे घरातल्या लहान मुलांनी मूठ दाबली तरी भीती नाही. नवे पॅड घातले की लगेच घाटात जायचं नाही. सपाट रस्त्यावर वेग घ्या, ब्रेक लावून वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं वीसेक वेळा. मग पकड येते.

शेजारच्या मुलाची गोष्ट सांगतो. ब्रेक वाजतो म्हणून पोराने डिस्कवर तेलाचा स्प्रे मारला. आवाज बंद झाला. ब्रेकही बंद झाला. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "काका, आता एकदम शांत चालते." मी म्हटलं, बाबा, शांतच चालणार, थांबायचं नावच नाही! डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, ते केमिस्टकडे मिळतं. पॅडने तेल प्यायलं असेल तर ते टाकायचे. कागदाने घासून, गॅसवर तापवून लोक वाचवायला बघतात, मी त्या भानगडीत पडत नाही. ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको.

घासल्याचा नुसता बारीक आवाज असेल, चाक फिरताना चर्रर् चर्रर्, तर बहुधा कॅलिपर बाजूला सरकलेला असतो. त्याचे दोन बोल्ट सैल करा, ब्रेकची मूठ घट्ट दाबून धरा, तशीच धरून बोल्ट आलटून पालटून आवळा. दहापैकी आठ वेळा काम होतं. उरलेल्या वेळी डिस्क वाकलेली असते.

हायड्रॉलिक ब्रेकचं तेल बदलणं घरी करता येतं, पण पहिल्यांदा जाणत्यासमोर करा. एवढं मात्र लक्षात ठेवा, शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, दुसऱ्या काही ब्रेकमध्ये मोटारसायकलवाल्यांचं डॉट ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. डॉट ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आपल्याकडच्या हवेत तर फार. फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. केबलवाली डिस्क असेल तर हे काहीच नाही, केबल आणि तिची नळी बदलली की सायकल नवी. पावसाळ्यानंतर ब्रेकची मूठ जड लागायला लागते ती नळीतल्या गंजाने.

टायरच्या हवेवर भांडणं होतात. माझ्या वजनाला, २.२ इंची टायरला, ट्यूब घालून, वाटेवर पुढे २६ आणि मागे ३० पीएसआय. डांबरी रस्त्याने पणजीला जायचं असेल तर ४० पर्यंत. ओल्या मुळांवर आणि शेवाळलेल्या चिऱ्यांवर कमी हवेचा टायर धरतो, जास्त हवेचा घसरतो. फार कमी केली तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. बऱ्याच सायकलींना मोटारसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. पण पंपावरच्या पोराला आकडा आधी सांगा. मोटारीच्या टायरएवढी हवा सायकलच्या ट्यूबमध्ये मावत नाही, दोन सेकंदांत भरते आणि तिसऱ्या सेकंदाला फुटते. घरी उभा पंप असावा, मीटरवाला.

करवंदीच्या जाळ्यांतून गेलात तर पंक्चर आहेच. काटा मोडून टोक टायरच्या आत राहतं, बाहेरून दिसत नाही. ट्यूब बसवताना टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवा. मग पंक्चर झालं की ट्यूबवरचं भोक आणि व्हॉल्व्ह यातलं अंतर टायरवर मोजायचं, काटा तिथेच सापडतो. तरीही आतून बोट हळूच फिरवून बघा, हळूच म्हणजे हळूच. ठिगळ लावताना कागदाने घासणं आणि सोल्युशन सुकू देणं ही दोन्ही कामं लोक अर्धवट करतात. ओल्या सोल्युशनवर ठिगळ टिकत नाही. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की आतल्या आत सुकते, वाटेत उघडली तर कोरडी निघते. बरोबर सुटी ट्यूबच ठेवा, ठिगळ घरी.

गियरबद्दल थोडक्यात, कारण ते दिसतं तेवढं अवघड नाही. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरला केबल जिथे शिरते तिथला गोल स्क्रू, त्या बाजूने बघून, घड्याळाच्या उलट पाव फेरा. लहानावर उतरायला अडत असेल तर उलट दिशेने. पाव पाव फेऱ्याने, प्रत्येक वेळी गियर बदलून बघत. एच आणि एल लिहिलेले दोन छोटे स्क्रू असतात, त्यांना हात लावू नका. ते चेनला टोकाच्या पलीकडे जाण्यापासून अडवतात आणि एकदा लावले की हलत नाहीत. काही केल्या गियर बसत नसतील तर सायकलच्या मागे उभं राहून बघा, डिरेलरची दोन्ही बारकी चाकं चकत्यांच्या सरळ रेषेत आहेत का. नसतील तर डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकला आहे. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, मार लागला तर तो वाकावा, फ्रेम वाकू नये. चोडणच्या फेरीबोटीत गर्दीत कुणाची स्कूटर टेकते, पिकअपमध्ये सायकलींवर सायकली रचतात, तिथे हा वाकतो. सायकल आडवी करायची तर डाव्या कुशीवर, चेन वर. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि मॉडेल बंद झालं की मिळत नाही. सायकल घेताना एक जादा घेऊन ठेवा.

बोल्ट आवळण्याबद्दल मला स्वतःच्या जातभाईंनाच बोलायचं आहे. डंपरवर काम केलेला हात सायकलवर जड पडतो. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटर मागतात, म्हणजे छोटी ॲलन की दोन बोटांनी ओढली तेवढं. बऱ्याच स्टेमवर आकडा लिहिलेला असतो, वाचा. चार बोल्ट असतील तर कर्णरेषेत, थोडे थोडे. उलट पायडलचा दांडा चौकोनी आसावर बसणारा असेल तर त्याचा बोल्ट भरपूर जोर मागतो. तो सैल राहून चालवलात तर आतलं चौकोनी भोक गोल होतं, मग दांडाच बदलायचा. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते उघडायला नेहमीच्या उलट फिरवा. हे माहीत नसल्याने किती पाने वाकले असतील! बसवताना आट्यांना ग्रीस. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की आणि डिस्कच्या बोल्टसाठी टी-२५, एवढ्यात बहुतेक सायकल खोलता येते. पण की चांगल्या घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या मऊ की बोल्टचं तोंड गोल करून ठेवतात, आणि मग तो बोल्ट ड्रिल करायला माझ्याकडे येतो.

हँडल तपासायचं तर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. टकटक लागलं तर हँडलखालचं बेअरिंग सैल आहे. आधी स्टेमच्या बाजूचे बोल्ट सैल, मग वरचा टोपीचा बोल्ट अगदी थोडा, मग हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट घट्ट. क्रम चुकला तर काहीच होत नाही. इथलं खालचं बेअरिंग पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल झेलतं, पावसाळा संपला की एकदा खोलून ग्रीस भरा.

पुढच्या शॉकचं मी घरी फार काही करत नाही. चकचकीत नळ्या पुसतो, तिथे कुठलाही स्प्रे मारत नाही, रबरी कडांना तो मानवत नाही. आतलं तेल बदलायचं काम काही कंपन्या दर ५० तासांनी करायला सांगतात. ते पणजीला नेऊन देतो.

भाचा मांद्र्याला असतो, त्याचं दुखणं वेगळं. समुद्राजवळ माझ्यापेक्षा त्याची सायकल लवकर गंजते, धुवायला आळस करत नसला तरी. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी उठते, स्टीलचे बोल्ट त्यात चिकटतात. बोल्टच्या डोक्यात ग्रीसचा ठिपका भरून ठेवला तर बरंच टिकतं. ओहोटीच्या वेळी वाळूतून सायकल मारायला छान वाटतं हे मला कबूल आहे. "मामा, फोटो बघ ना!" म्हणतो. मी म्हणतो, फोटो काढ, आणि त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने धू. दुसऱ्या दिवशी धुतलेली न धुतल्यासारखीच.

ठेवायची कुठे, हाही प्रश्न असतो. ताडपत्रीखाली नको, ओल आत कोंडते आणि सीटवर, हेल्मेटच्या पट्ट्यांवर बुरशी येते. पागोळ्यांखाली नको. आमच्या घरातल्या चौकीत गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी टांगायचे लोखंडी हूक आहेत, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी सोडली तर वर्षभर रिकामे. मी त्यांना दोरी बांधून सायकल सीट आणि हँडलने टांगतो. वारा लागतो, जमिनीची ओल लागत नाही, आणि मागचं चाक मोकळं फिरत असल्याने गियर लावायला वेगळा स्टँड लागत नाही. उलटी टांगू नका. हायड्रॉलिक ब्रेकच्या टाकीत थोडी हवा असेल तर ती नळीत उतरते. तशी राहिलीच असेल तर सरळ करून मूठ पंधरा-वीस वेळा दाबा, कडक लागेपर्यंत. चवथीच्या आधी सायकल खाली उतरवायची आणि हुकांचं तेल पुसून द्यायचं, एवढी एकच अट मला घरातून घातलेली आहे.

मे महिन्यात आम्ही पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायला, म्हापशाला जातो. मिरच्या, सोलं, सुकी मासळी, कांद्यांच्या माळा. त्याच खेपेत माझी यादी वेगळी असते. पॅडच्या दोन जोड्या, एक चेन आणि तिची जोडकडी, दोन ट्यूब, गियरची एक केबल, ओल्या तेलाची बाटली. जुलैत कंबरभर पाऊस असताना आमच्या तालुक्यात नेमकं तुमच्या कॅलिपरला बसणारं पॅड कुणाकडे असेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही, आणि मागवलेलं कुरिअर येईपर्यंत रविवार निघून जातो. पॅडचा आकार जुना पॅड बरोबर नेऊनच जुळवा, नुसत्या नावावर आणलेले पॅड बसत नाहीत. पॅड हवाबंद डब्यात ठेवायचे, तेलाच्या बाटलीपासून लांब. आमच्याकडे ते स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर असतात, सोलांच्या बरणीमागे, कारण घरातली कोरडी जागा तेवढी एकच आहे आणि तिच्यावर माझा हक्क एका डब्यापुरता आहे.